मदतकार्यातील आघातजन्य ताण आणि ऑनलाइन प्रशिक्षण : पहिला विद्यार्थी कोण?

आपल्या पत्राचा सारांश सुरुवातीलाच नोंदवते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपली संस्था गोव्यातील डिचोली तालुक्यात आहे, कार्यकर्ते 16 आहेत आणि पूर, दरडी, वादळे अशा वेळी आपली पथके शेजारच्या सत्तरी तालुक्यापासून थेट रायगडपर्यंत जातात. निधी देणाऱ्या संस्थेने यंदा कार्यकर्त्यांना आघातजन्य ताणाविषयीचे ऑनलाइन प्रशिक्षण देण्याची अट घातली असून त्यासाठी थोडी रक्कमही राखून ठेवली आहे. आपण विचारले आहे की असे प्रशिक्षण खरोखर उपयोगी पडते का, पडत असेल तर कोणते निवडावे, आणि दरड कोसळलेल्या गावातून तीन आठवड्यांपूर्वी परतलेला एक तरुण कार्यकर्ता रात्री झोपत नाही, जेवता जेवता ताटावरून उठतो, त्यालाही या प्रशिक्षणात बसवावे का.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे महिनाभर थांबले तरी चालेल आणि हे थांबणार नाही. त्या तरुणाला सध्या प्रशिक्षणात बसवू नका. ज्यांच्यावर अजून असा प्रसंग आलेला नाही, किंवा जे तो सोसून पुन्हा कामाला लागले आहेत, त्यांच्यासाठी प्रशिक्षण असते. ज्याच्या डोळ्यांसमोरून ढिगारा हलायला तयार नाही त्याला 'आघाताची लक्षणे' या विषयावरची चित्रफीत दाखवणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला तापाविषयीचे व्याख्यान ऐकवणे होय. संस्थेत ज्याच्याशी त्याचे सूत जुळते अशा एखाद्या व्यक्तीने त्याला कार्यालयात न बोलावता, चालता चालता किंवा चहा घेताना त्याच्याशी बोलावे. काय पाहिलेस, किती मृतदेह उचललेस, हे विचारू नये. झोप किती लागते, दारू वाढली आहे का, दुचाकी चालवताना भान सुटते का आणि जगणे नकोसे वाटते का, हे मात्र स्पष्ट शब्दांत विचारावे. शेवटचा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो अशी भीती पुष्कळांना वाटते. ती खरी नाही. कोणीतरी सरळ विचारले याने माणसाला बहुधा हायसेच वाटते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

तीन आठवडे हा काळ मधलाच आहे. भीषण प्रसंगानंतर पहिले काही दिवस, काही आठवडे झोप उडणे, दृश्ये पुन्हा पुन्हा दिसणे, बारीक आवाजाने दचकणे, माणसांत नकोसे वाटणे हे सगळे स्वाभाविक असते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते आपोआप ओसरत जाते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात 'पीटीएसडी' (आघातोत्तर ताणविकृती) हे निदान 1980 मध्ये दाखल झाले आणि त्यासाठी लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकलेली असावी लागतात. त्याआधीच्या तीव्र अवस्थेला वेगळे नाव आहे. त्याच वर्गीकरणाच्या 2013 च्या आवृत्तीने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, ती आपल्या कामाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे : कामाचा भाग म्हणून मानवी अवशेष गोळा करावे लागणारे, किंवा अशा घटनांचे तपशील वारंवार ऐकावे लागणारे कर्मचारीही आघातग्रस्त होऊ शकतात. 'तो मदतीला गेला होता, त्याच्या घरचे कोणी थोडेच गेले,' असे जे आपल्याकडे सहज बोलले जाते, त्याला शास्त्राचा आधार उरलेला नाही. तेव्हा आणखी आठ-दहा दिवसांत उतार दिसला नाही, किंवा मध्येच दारूचे प्रमाण वाढले, काम जमेनासे झाले, तर बांबोळी येथील मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात त्याला घेऊन जा. तेथे जाण्यास तो तयार नसेल तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही 14416 क्रमांकाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. एक ताकीद मात्र द्यावीशी वाटते. ओळखीच्या फार्मसीतून झोपेच्या गोळ्या आणून देण्याचा सोपा उपाय कोणीतरी सुचवील. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपाइन गटातील, म्हणजे झोप आणणाऱ्या, गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे, आणि माझा अनुभवही त्याहून वेगळा नाही.

आपण पत्रात जाता जाता लिहिले आहे की घरी परतल्यावर आईने त्याला विहिरीजवळ आंघोळ करायला लावून मगच आत घेतले, दुसऱ्या दिवशी देवळात गाऱ्हाणे घातले, आणि हे 'अंधश्रद्धेचे प्रकार' त्याला अधिक त्रास देतील की काय अशी आपल्याला शंका आहे. उमेदीच्या काळात मीही अशा गोष्टींना हसत असे. आता हसत नाही. परदेशातून येणाऱ्या अभ्यासक्रमांत हमखास सल्ला असतो की कामाच्या जागेवरून घरी येताना एखादा छोटा नेम पाळावा, कपडे बदलावेत, हातपाय धुवावेत, म्हणजे तिथले तिथे आणि इथले इथे अशी हद्द मनात आखली जाते. आपल्या गावांत ही हद्द विहिरीच्या काठावर पूर्वीपासून आखलेली आहे. त्या नेमाचे रूपांतर विटाळात होऊन घरातली माणसे त्याच्यापासून दूर सरकू लागली, तरच काळजी करावी.

आता मुख्य प्रश्नाकडे वळते. ऑनलाइन प्रशिक्षण उपयोगी पडते, पण ते कोणाच्या सोबतीने आणि कोणत्या व्यवस्थेत घेतले जाते यावर त्याचा सारा उपयोग अवलंबून असतो. याचा सर्वांत बोलका पुरावा मदतकार्यकर्त्यांच्या नव्हे, तर निर्वासितांच्या छावणीतून आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ताणाला तोंड देण्यासाठी पाच सत्रांचा एक कार्यक्रम तयार केला, ज्यातील बहुतेक शिकवणे ध्वनिमुद्रित आहे. युगांडातील छावणीत राहणाऱ्या दक्षिण सुदानी महिलांच्या गटांत तो घेण्यात आला आणि तीन महिन्यांनंतरही त्यांचा मानसिक त्रास तुलनेने कमी असल्याचे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आवाज यंत्रातून येत होता. पण ऐकणाऱ्या वीस-तीस जणी एकत्र बसलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये थोडे प्रशिक्षण घेतलेली, त्यांची भाषा बोलणारी एक बाई होती. ध्वनिमुद्रित पाठ चालतो, एकट्याने पाहिलेला पडदा फारसा चालत नाही, असा त्याचा अर्थ मी लावते.

हे मला स्वतःच्या चुकीतून कळले. 2020 च्या टाळेबंदीत एका मदत-संस्थेच्या स्वयंसेवकांसाठी मी सलग तीन तासांचे ऑनलाइन सत्र घेतले होते. सगळ्यांनी कॅमेरे चालू ठेवावेत असा माझाच आग्रह होता. विषय नीट समजावा म्हणून एका जुन्या आपत्तीची छायाचित्रेही मी दाखवली. अर्ध्या तासात एक मुलगी पडद्यावरून नाहीशी झाली. तिचे नेट गेले असेल असे मी धरले. चार दिवसांनी कळले की तिने फोन पालथा ठेवून दिला होता आणि रात्रभर ती जागी होती. आणखी एक जण, सत्तरी तालुक्यातला, स्वयंपाकघरात बसून ऐकत होता, कारण घरात रेंज फक्त तिथेच मिळे, आणि त्याच्या मागे त्याची आई मासे साफ करत माझे सगळे बोलणे ऐकत होती. 'मनातले मोकळेपणाने बोला,' असे मी त्याला सांगत होते! त्या दिवसापासून माझ्या सत्रांत छायाचित्रे नसतात, कॅमेरा ज्याच्या-त्याच्या मर्जीवर असतो आणि कोणतेही सत्र 50 मिनिटांच्या पुढे जात नाही.

छायाचित्रांइतकीच धोकादायक आणखी एक प्रथा आहे, आणि काही महागडे अभ्यासक्रम आजही ती शिकवतात. सर्वांना वर्तुळात, किंवा आता पडद्यावरच्या चौकोनांत, बसवायचे आणि प्रत्येकाने काय पाहिले, त्या क्षणी काय वाटले, हे क्रमाने वदवून घ्यायचे. या पद्धतीची मांडणी 1983 मध्ये अमेरिकेत अग्निशमन आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी झाली आणि पुढे ती जगभर पसरली, कारण बोलून टाकले की मन हलके होते ही समजूत सर्वत्र आहे. प्रत्यक्षात एकाच बैठकीत अशी उजळणी करून घेतल्याने पुढचा विकार टळत नाही, उलट काहींचा त्रास वाढू शकतो, असे निष्कर्ष वैद्यकीय अभ्यासांची एकत्रित छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या पुनरावलोकनातून 2002 मध्येच पुढे आले. ज्याला बोलायचे आहे त्याने बोलावे; ज्याला बोलायचे नाही त्याला बोलते करणे हे कौशल्य नव्हे. म्हणून कोणताही अभ्यासक्रम घेण्यापूर्वी त्याच्या चालकांना एवढा एक प्रश्न विचारा : सहभागी व्यक्तीला आपला अनुभव सांगावाच लागतो का? उत्तर देताना ते अडखळले तर तो अभ्यासक्रम सोडून द्या.

मग चांगल्या प्रशिक्षणाने करायचे तरी काय? माझ्या मते चार गोष्टी शिकवल्या तरी पुष्कळ झाले, आणि त्यातली पहिली म्हणजे हे होते तरी का याचे साधे स्पष्टीकरण. मेंदूचा धोका ओळखणारा भाग फार घाईचा असतो. तो प्रसंगाची तारीख आणि जागा नीट नोंदवत नाही, पण वास, आवाज, ओल या गोष्टी पक्क्या धरून ठेवतो. म्हणूनच दरडीवर काम करून आलेल्या माणसाला दोन महिन्यांनी पणजीच्या बांधकामावर जेसीबीचा आवाज आला की घाम फुटतो, किंवा आषाढात पत्र्यावर जोराचा पाऊस सुरू झाला की तो अंथरुणात उठून बसतो. हे वेडेपण नाही, शरीर अजून पहाऱ्यावर आहे, एवढे कळले तरी त्याच्या मनातली अर्धी भीती जाते, कारण मूळ त्रासापेक्षा 'मला काय होऊन बसले' या भीतीनेच माणूस अधिक खचतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्या क्षणी जमिनीवर परत येण्याचा एखादा सराव. पाय जमिनीवर दाबणे, समोरच्या पाच वस्तूंची मनात नावे घेणे, सावकाश श्वास सोडणे. हे सराव ऐकायला बाळबोध वाटतात आणि म्हणूनच ते कोणी करत नाही; पण पोहणे जसे पुस्तकातून येत नाही तसे हेही आधी, शांत वेळी, रोज चार मिनिटे करून ठेवावे लागतात. तिसरी गोष्ट म्हणजे धोक्याच्या खुणा : कोणत्या टप्प्यावर स्वतःहून मदत मागायची. आणि चौथी, ती मदत नेमकी कुठे, कोणत्या क्रमांकावर मिळते.

दुसऱ्यांचे दुःख ऐकून होणारा ताण हा यातला थोडा वेगळा धागा आहे. तो एका प्रसंगातून येत नाही, थेंबाथेंबाने साचतो. पंचनाम्यासाठी घरोघर फिरणारी, विधवेचे अर्ज भरून देणारी, छावणीत धान्य वाटणारी आपली कार्यकर्ती ढिगाऱ्याजवळ गेलेलीही नसेल. तरी सहा महिन्यांनी तिचा जगावरचा विश्वासच पातळ होतो, मुलांना शाळेत पाठवतानाही तिचा जीव खालीवर होतो. या अवस्थेचे वर्णन 1990 मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी केले आणि पुढे तिच्या मोजमापासाठी 30 प्रश्नांची एक प्रश्नावली रूढ झाली, जी बहुतेक अभ्यासक्रमांत भरून घेतली जाते. ती जरूर भरून घ्या, पण ज्याचे उत्तर त्याच्याकडेच राहू द्या. एका संस्थेने हे गुण वैयक्तिक फाइलमध्ये लावले आणि पुढच्या कराराच्या वेळी ते काढून पाहिले. तेव्हापासून त्या संस्थेतील प्रत्येक जण कागदावर कमालीचा आनंदी आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर एवढे लांबवले तिच्याकडे येते. आपल्या 16 जणांपैकी पहिला प्रशिक्षणार्थी आपण स्वतः व्हावे, आणि आपल्या प्रशिक्षणातून संस्थेत काही बदल होईपर्यंत बाकीच्यांचे प्रशिक्षण सुरू करू नये. हे कठोर वाटेल. परंतु मदतकार्यकर्त्यांवर झालेल्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. परदेशांत कामावर गेलेल्या 212 कार्यकर्त्यांचा निघण्यापूर्वी, परतल्यावर आणि पुढे काही महिन्यांनी अभ्यास करण्यात आला, त्याचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्याची लक्षणे असणाऱ्यांचे प्रमाण जाण्यापूर्वी सुमारे 10 टक्के होते, ते परतल्यावर सुमारे 20 टक्क्यांवर गेले आणि काही महिन्यांनंतरही तेथेच राहिले. ते वाढण्यामागे केवळ भयंकर दृश्ये नव्हती. रोजचा, चिवट, कामाच्या व्यवस्थेतून येणारा ताणही होता, आणि ज्यांना माणसांचा आधार होता ते तुलनेने सावरलेले होते. आपल्याकडे या चिवट ताणाची नावे सगळ्यांना ठाऊक आहेत : 11 महिन्यांचा करार, दोन महिने थकलेला प्रवासभत्ता, रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर मागितलेला अहवाल, एकाच मुलाला तो 'तयारीचा' आहे म्हणून सलग तिसऱ्या ठिकाणी पाठवणे. ज्याला पेट्रोलचे पैसे वेळेवर मिळत नाहीत त्याला श्वासाचे व्यायाम शिकवणे ही थट्टा आहे, आणि कार्यकर्त्यांना ती बरोबर कळते.

मी हे हवेत बोलत नाही. आपत्तीतील मानसिक आधाराविषयी संयुक्त राष्ट्रांच्या आणि अन्य मदत-संस्थांच्या संयुक्त समितीने 2007 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत स्वतःच्या कर्मचाऱ्यांची आणि स्वयंसेवकांची काळजी ही संस्थेची जबाबदारी म्हणून स्वतंत्रपणे मांडली आहे. नेदरलँड्समधील अँतारेस प्रतिष्ठानाने मदतकार्यकर्त्यांच्या ताणव्यवस्थापनासाठी आठ तत्त्वे दिली आहेत आणि ती वाचताना ध्यानात येते की त्यांतली जवळजवळ सगळी कार्यकर्त्याला उद्देशून नाहीतच, ती संस्थाचालकाला उद्देशून आहेत : तुमचे धोरण काय, निवड कशी करता, तयारी कशी करून घेता, कामावर असताना लक्ष कोण ठेवतो, भीषण प्रसंगानंतर काय करता, माणूस काम सोडून जातो तेव्हा काय करता. ही तत्त्वे आधी तुम्ही आणि तुमच्या दोन पथकप्रमुखांनी मिळून वाचा. त्यातून एक कागद तयार होऊ द्या, एकाच पानाचा, ज्यावर लिहिलेले असेल की आपत्तीस्थळी कोणीही अमुक दिवसांपेक्षा अधिक राहणार नाही, परतल्यावर किमान दोन दिवस भरपगारी विश्रांती मिळेल, मृतदेहांचे काम एकाच व्यक्तीकडे सलग जाणार नाही, आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारले जाणार नाही. दिवसांचे आकडे तुमच्या मनुष्यबळानुसार ठरवा, पण ठरवा.

अभ्यासक्रमाची निवड हा यापुढचा आणि त्या मानाने सोपा भाग आहे. कॅलिफोर्नियातील हेडिंग्टन इन्स्टिट्यूटने खास मदतकार्यकर्त्यांसाठी आघातजन्य ताणावर स्वयंअध्ययनाचे पाठ तयार केले आहेत. कोपनहेगन येथील रेड क्रॉसच्या मनोसामाजिक केंद्राचे स्वयंसेवकांच्या काळजीविषयीचे साहित्यही चांगले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 मधील सचित्र पुस्तिका, जिच्या सोबत ध्वनिमुद्रित सराव आहेत, ती मला रोजच्या सरावासाठी सर्वांत सोयीची वाटते. 'मानसिक प्रथमोपचार' या नावाचे अनेक अभ्यासक्रम आपल्यापुढे येतील आणि त्यांच्या बाबतीत नेहमी एक घोटाळा होतो. पाहा, ऐका, जोडून द्या ही त्याची 2011 पासून प्रचलित असलेली त्रिसूत्री आपद्‌ग्रस्तांना आधार कसा द्यावा हे शिकवते. कार्यकर्त्याने स्वतःला कसे सांभाळावे हा त्याचा मुख्य विषय नव्हे. तो अभ्यासक्रम घ्यावाच, पण निधी देणाऱ्यांची अट त्याने पुरी झाली असे समजू नये. यांतले पुष्कळसे साहित्य फुकट आहे, त्यामुळे राखून ठेवलेली रक्कम अभ्यासक्रमावर खर्च करण्याऐवजी मराठी-कोंकणी बोलणाऱ्या एखाद्या अनुभवी समुपदेशकाच्या चार भेटींवर खर्च करता येते का, हे त्यांना विचारून पाहा. आश्चर्य वाटेल, पण निधी देणारे अशा विनंतीला पुष्कळदा होकार देतात. आपण विचारतच नाही.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढते. आपले बहुतेक कार्यकर्ते प्राथमिक शाळेत मराठीतून शिकलेले, घरी कोंकणी बोलणारे आणि पुढे इंग्रजीतून पदवी घेतलेले असतील. इंग्रजी पाठ त्यांना समजेल, परीक्षाही ते उत्तीर्ण होतील. पण ताण काळजात कुठे दुखतो हे सांगायला ती भाषा त्यांच्या उपयोगी पडत नाही. 'संगथ' या गोव्यातील संस्थेने येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत सामान्य शिक्षण असलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करून पाहण्याचा जो 'मानस' प्रकल्प राबवला आणि ज्याचे निष्कर्ष 2010 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, त्यात आजाराच्या भारी नावांऐवजी लोकांच्या तोंडचा 'टेन्शन' हा शब्द वापरला गेला. 'आघातोत्तर ताणविकृती' हा शब्दही तितकाच परका आहे, मग तो मराठी का असेना. काळजात चर्र होणे, जीव घाबरा होणे, डोके जड होणे, अंगातले त्राण जाणे, कशातच मन न लागणे, हे शब्द फळ्यावर लिहून प्रशिक्षणाला सुरुवात केली तर पहिल्या दहा मिनिटांत गट बोलू लागतो. त्याच संस्थेने पुढे मध्य प्रदेशात आरोग्यसेविकांना मोबाइलवरून समुपदेशन शिकवण्याचेही प्रयोग केले आहेत. त्यामुळे सर्वसामान्य शिक्षणाच्या माणसाला फोनवरून असे काही शिकवता येईल का, ही शंका आपण मनात ठेवू नये.

दारूविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण बाहेरचे अभ्यासक्रम हा विषय एका ओळीत उरकतात आणि गोव्यात तो एका ओळीत उरकत नाही. पथक परतले की संध्याकाळी बसायचे, ही रीत पुष्कळ संस्थांत आहे. त्यात सोबत असते, हसणे असते, आणि ते मोलाचे आहे. पण मद्याने झोप लागली तरी ती उथळ असते, मध्यरात्री मोडते, आणि नेमके त्याच वेळी दृश्ये परत येतात. मी बंदी सुचवत नाही. सोबत राखावी आणि पहिल्या आठवड्यापुरते जेवण ठेवावे, पेले नव्हेत, एवढेच सुचवते. ज्यांचे प्रमाण हाताबाहेर गेले आहे त्यांच्यासाठी थोड्या बैठकांचे समुपदेशन उपयोगी ठरते, हे गोव्यातच झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले आहे.

ऑनलाइन माध्यमाचा एक फायदा मात्र मी मनापासून मान्य करते. गोवा लहान आहे. डिचोलीचा मुलगा म्हापशाच्या समुपदेशकाकडे गेला तर ती त्याच्या मामीची वर्गमैत्रीण निघते, आणि बांबोळीच्या त्या आवारात कोणी पाहिले तर रविवारपर्यंत गावभर होते. अशा वेळी पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या, आपल्याला न ओळखणाऱ्या व्यक्तीशी फोनवर बोलणे त्याला सोपे जाते. म्हणून शिकणे एकत्र, एका खोलीत होऊ द्या आणि वैयक्तिक बोलणे दूरचे, खाजगी असू द्या. बहुतेक संस्था नेमके उलटे करतात : प्रशिक्षण घरी एकेकट्याला पाहायला सांगतात आणि मनातले बोलायला सगळ्यांना एका बैठकीत बोलावतात.

वेळापत्रक असे ठेवा असे मी सुचवीन. पथकप्रमुखांचे वाचन आणि तो एकपानी कागद मार्चअखेर पुरा व्हावा. एप्रिलमध्ये, पावसाच्या तयारीची कामे सुरू होण्यापूर्वी, आठवड्याला एक याप्रमाणे चार सत्रे संस्थेच्या कार्यालयात घ्या. पाठ आधीच उतरवून ठेवा, म्हणजे वीज किंवा नेट गेले तरी खोळंबा होणार नाही. प्रत्येक सत्रात वीस मिनिटे ध्वनिमुद्रित पाठ आणि उरलेला वेळ सराव. जोड्या लावून द्या, म्हणजे आपत्तीस्थळी प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचे जेवण आणि झोप यांवर लक्ष ठेवायचे. ही साधी जोडी मी पाहिलेल्या सर्व उपायांत अधिक काळ टिकलेली आहे. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की एक उजळणी सत्र ठेवा, कारण तोवर पावसाळ्यातले काम अंगावर आलेले असते आणि एप्रिलमध्ये ज्यांनी मान डोलावली होती त्यांना आता खरे प्रश्न पडलेले असतात. जुलै 2021 च्या पुरात सत्तरी आणि डिचोलीतल्या कित्येक कार्यकर्त्यांची स्वतःची घरे पाण्यात होती आणि ते दुसऱ्यांचे सामान हलवत होते; अशा वेळी घर बुडालेल्याला कामावरून आधी सोडायचे, हे त्या एकपानी कागदावर लिहायला विसरू नका.

त्या तरुणाला चार-सहा महिन्यांनी, तो सावरल्यावर, उजळणी सत्राला यावेसे वाटते का असे विचारा, आणि यायचे नसेल तर येऊ नको म्हणून सांगा. निधी देणाऱ्यांच्या अहवालात किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला हा रकाना असेलच. त्याच्या शेजारी तुम्ही स्वतः आणखी एक रकाना काढा : आपत्तीस्थळावरून परतलेल्यांपैकी किती जणांना ठरलेली भरपगारी विश्रांती प्रत्यक्ष मिळाली. पहिल्या वर्षी तो आकडा 16 पैकी पाच-सहा आला तरी तसाच पाठवा.